बिनभिंतीच्या भाडेकरूस

मु. पो. घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड

श्री. रा. रा. मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिस यांस,
सा. न. वि. वि.

आपली प्रकृती ठणठणीत असणार. दोन वर्षं 37 अंशांच्या उबेत, पाच टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत, वासराच्या रक्तातल्या सिरमवर राहिलेल्याची प्रकृती बिघडायला कारणच काय? त्या सिरमची अर्ध्या लिटरची एक बाटली माझ्या महिन्याच्या फेलोशिपच्या घरात जाते, हे आपल्या कानावर आलं नसेल. आमच्याकडे जेवायला बसलेल्याला ज्वारीचा भाव सांगत नाहीत.

पत्र उघडंच लिहितोय. बंद पाकिटाचा आपल्यापुढे उपयोग नाही. प्रयोगशाळेत द्रव निर्जंतुक करायला आम्ही 0.22 मायक्रॉनची गाळणी लावतो. साधे जीवाणू तिथं अडकतात आणि आपण अंग चोरून पलीकडे जाता. तेव्हा डिंक लावून काय राखायचं!

ज्यांचा आपला परिचय नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आपण जीवाणू, पण जीवाणूला असते ती पेशीभित्तिका आपल्याला नाही. पेनिसिलीनचा सगळा पराक्रम त्या भिंतीवर चालतो. ते भिंत बांधू देत नाही, मग जीवाणू फुटतो. अतिक्रमण पाडायला जेसीबी आणावा आणि जागेवर भिंतच नसावी, नुसता संसार मांडलेला असावा, अशी आपल्यापुढं पेनिसिलीनची गत होते. आम्ही मात्र दर बाटलीत ते इमानेइतबारे घालत राहिलो. आपल्या कुळातला सगळ्यांत काटकसरी गडी मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम. त्याचा जनुकसंच 1995 साली वाचून झाला तेव्हा जेमतेम 5 लाख 80 हजार अक्षरं भरली. माणसाची 300 कोटींच्या वर जातात. एवढ्याशा भांडवलावर आपलं भागतं, कारण आपण स्वतः फारसं काही शिजवतच नाही. शेजारच्या चुलीवर जे शिजेल ते आपलं.

सोयरिकीआधी करतात तशी मी आपल्या कुळाची चौकशी केली. जरा उशिरा केली, पण केली. 1898 साली फ्रान्समध्ये नोकार आणि रू यांनी आपल्या एका चुलत्याला पहिल्यांदा वेगळं काढलं. तो गाईबैलांच्या फुफ्फुसांची वाट लावत होता. गाईंच्या त्या रोगातून भारत 2007 साली मुक्त झाला. शेळ्यांच्या मागं लागलेली भावकी मात्र अजून फिरते. मी सातवीत असताना आमच्या दारातली उस्मानाबादी शेळी धापा टाकत गेली, चार दिवसांनी तिची दोन करडंही गेली. त्या मरणाचा पंचनामा झालेला नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन तो गुन्हा आपल्या घराण्यावर लावत नाही. आपण स्वतः डुकराकडचे. हायोऱ्हायनिस म्हणजे डुकराचं नाक. बाटलीच्या तळाला चिकटलेल्या पेशी सोडवायला डुकराच्या स्वादुपिंडातलं ट्रिप्सिन वापरायची जुनी पद्धत आहे, त्या वाटेनं आपण प्रयोगशाळांत शिरलात असं जाणते सांगतात. मानवी पेशींच्या बाटल्यांत आपल्या जातीला पहिल्यांदा पकडलं ते 1956 साली, अमेरिकेत. म्हणजे या धंद्यात आपली सत्तरी होत आली. अनुभवी आहात.

माझ्याकडे आपण आलात ते थर्माकोलच्या डब्यातून, पुण्यातल्या रिक्षानं, 2023 च्या पावसाळ्यात. पेशी रीतसर घ्यायच्या तर पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं भांडार आहे. पण तिथं अर्ज आला, पैसे आले, वाट पाहणं आलं. त्यापेक्षा ओळखीच्या लॅबमध्ये पँक-वन होत्याच. या पेशी माणसाच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या, 1975 साली नोंदवलेल्या. एका अनोळखी माणसाच्या गाठीतून काढल्या आणि त्याच्यामागं पन्नास वर्षं जगभर वाढतायत. ‘एक बाटली द्या ना,’ म्हटलं; त्यांनी दिली. माझी माय जन्मभर गल्लीतून विरजण उसनं आणत आली, पण दोन घरी कधी गेली नाही. त्या घरच्या दह्याला तार सुटते म्हणून. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली. मला तार सुटते का हे विचारायचं सुचलं नाही.

सुचलं असतं तरी दिसलं काय असतं म्हणा! साधा जीवाणू बाटलीत शिरला की रात्रीत कळतं. गुलाबी माध्यम पिवळं पडतं, गढूळ होतं, पेशी मरून तरंगतात. स्वयंपाकघरात शिरलेल्या बोक्यासारखं, भांडी पाडल्याशिवाय राहवत नाही त्याला. आपण घरंदाज. एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींपर्यंत भरता आणि पाणी नितळ. पेशी मरत नाहीत, वाढायच्या थांबत नाहीत. फक्त आपल्या राहत नाहीत. कोणती जनुकं चालू, कोणती बंद, काय खायचं, काय टाकायचं, याचा कारभार हळूहळू भाडेकरूच्या हातात जातो. घरमालक सकाळी उठून दाराला रांगोळी काढतोच आहे.

आता माझ्या शोधाविषयी. जेमसिटाबीन हे स्वादुपिंडाच्या कर्करोगावरचं नेहमीचं औषध. ते पेशींवर टाकायचं, तीन दिवस थांबायचं आणि किती वाचल्या ते मोजायचं. मोजायला एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. माझ्या पँक-वन मरेनात. छापील निबंधांत दिलेल्या मात्रेच्या कितीतरी पट औषध ओतलं तरी जांभळा रंग काही उतरेना. पहिल्यांदा वाटलं हात चुकला, म्हणून पुन्हा केलं. दहा वेळा केलं. अकराव्या वेळी गाइड खुर्ची सरकवून शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, ‘हे काहीतरी वेगळं दिसतंय.’ पीएचडी करणाऱ्याच्या आयुष्यात हे वाक्य एकदाच येतं. त्या खोलीत एकदम शांतता पसरली होती.

मग वेगळं दिसणाऱ्या त्या गोष्टीला मी कारण शोधलं. शोधलं की सापडतंच. एक प्रथिन वाढलेलं दिसलं, त्याच्याभोवती गोष्ट रचली, बाण काढले, रंगीत आकृती केली. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढं मांडली. समितीनं चहा घेतला, ‘इंटरेस्टिंग’ म्हटलं आणि नमुन्यांची संख्या वाढवायला सांगितली. वाढवली. आपणही वाढलात.

खरी गोष्ट एवढीच होती, की आपल्या खिशात सायटिडीन डिअॅमिनेज नावाचं एक विकर असतं. जेमसिटाबीन दिसलं की त्यातला एक अमाइन गट आपण उपटून काढता, आणि औषधाचं पाणी होतं. मी कर्करोगाला औषध पाजत होतो आणि ते वाटेतच आपण गट्ट करत होता. रेशनच्या धान्याचं काय होतं ते लहानपणापासून पाहत आलेल्या माणसाला हे ओळखू येऊ नये, याची मला जास्त लाज वाटते.

दरम्यान गावाला यावं लागायचंच. आमचं घाटनांदूर परळी–लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं स्टेशन. गाडीपेक्षा गाडीची वाट पाहणारे जास्त, त्यामुळं इथं चौकशी निवांत होते. परवाच एका चुलत्यानं बाकड्यावर गाठलं.

‘काय बाप्पा, हे तुमचं पीएचडी किती सालाचं असतंय?’

‘नियमानं तीन ते सहा, तात्या.’

‘म्हंजी सालगड्यावानी. उचल किती?’

‘37 हजार महिना. दोन वर्षांनी 42 होतात.’

‘चांगलं हाय की! येळंवर देतेत का?’

मी रुळांकडं बघितलं. तात्यांनीही बघितलं. आमच्याकडं सालगड्याचा व्यवहार पाडव्याला ठरतो आणि ऊसतोडीच्या टोळीला उचल आधी मिळते, कोयता नंतर चालतो. संशोधनात कोयता आधी, उचल पुढच्या आर्थिक वर्षात.

‘मुकादम कसा हाय?’

‘चांगले आहेत.’

‘मुकादमाला चांगलंच म्हनावं लागतंय,’ तात्या म्हणाले, ‘पट्टा पडंस्तोवर.’

तेवढ्यात बाजूच्या आजींनी दंड पुढं केला. लेकरू डाक्टर झालंय म्हणतात, तर बीपी बघून दे. मी पूर्वी समजावत असे की खरे डॉक्टर अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात. ते जिवंत माणसं जगवतात, आणि मी पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसाच्या पेशी मरत का नाहीत ते बघतो. आता समजावत नाही. नाडी धरतो आणि मीठ कमी खा म्हणतो. माझ्या आजवरच्या संशोधनातला एवढाच निष्कर्ष पुन्हा करून पाहिला तरी तसाच येतो.

डिसेंबर 2023 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, विधान परिषदेत, पीएचडी करून ही पोरं असे काय दिवे लावणार आहेत, अशा अर्थाचा सवाल झाला होता. महाराष्ट्रभर पोरं चिडली. मीही चिडलो, स्टेटस ठेवलं, दोन दिवसांनी काढलं. त्या सवालाचं उत्तर आपल्यामुळं मला देता आलं, त्याबद्दल खरंच आभार मानतो. ऐका.

आमचा निबंध एका चांगल्या नियतकालिकाकडं गेला. 2022 च्या नियमांनी पीएचडीसाठी निबंध छापून येण्याची सक्ती काढली आहे. पण ते कागदावर, लॅबमध्ये ती अजून चालू आहे. परीक्षकानं प्रश्नांची लांबलचक यादी धाडली. त्यातला शेवटचा, एका ओळीचा: पेशी मायकोप्लाझ्मासाठी तपासल्या होत्या का? मी ‘हो’ असं टाइप केलं. गाइड म्हणाले, ‘चित्र जोडून दे, विषय संपेल.’

तर चित्र काढायला रात्री साडेदहाला अंधाऱ्या खोलीत बसलो. काचपट्टीवर पेशी पसरल्या आणि होक्स्ट नावाचं रंगद्रव्य घातलं. ते डीएनएला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात निळं उजळतं. निरोगी पेशीत डीएनए मुख्यतः केंद्रकात, म्हणजे अंधारात सुटे सुटे निळे गोळे दिसायला हवेत, बाकी सगळं काळं. मी भिंग फिरवलं. गोळे होते. आणि प्रत्येक गोळ्याभोवती, पेशीच्या कडेकडेनं, मधल्या रिकाम्या जागेत, बारीक बारीक ठिपके. शेकडो. एकेका पेशीला लगडलेले. लक्ष्मीपूजनाला आमच्या गल्लीत वाडा पणत्यांनी उजळावा, आणि मग कळावं की वाड्यात आपलं कोणी राहत नाही. हे दिवे मी लावले. दोन वर्षं तेल घातलं. सभागृहाला कळवायला हरकत नाही.

आता ‘आपण’ पुरे झालं. तू कुणाकुणाकडं राहून आलास ते मी त्या रात्रीच वाचून काढलं. झोप तर येणार नव्हतीच. 2015 साली दोन संशोधकांनी जगभरातल्या प्रयोगशाळांनी सार्वजनिक साठ्यात ठेवलेली 884 आरएनए-वाचनाच्या प्रयोगमालिकांची माहिती चाळली, तर त्यातल्या 11 टक्के मालिकांत तू किंवा तुझी भावकी निघाली. हजार माणसांचे जनुकसंच वाचायचा तो मोठा प्रकल्प, त्याच्याही नमुन्यांत तुझ्या भावकीच्या पाऊलखुणा. म्हणजे माझ्या उसन्या बाटलीत बसलास त्यात माझा काही विशेष मान नव्हता. तू सगळीकडं असाच बसतोस.

पण खरा डंख पुढंच आहे. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेच्या रविद स्ट्रॉसमन यांच्या गटाला हीच भानगड सापडली होती. त्वचेच्या साध्या पेशी जिथं वाढल्या ते पाणी कर्करोगाच्या पेशींना दिलं, की जेमसिटाबीनला त्या दाद देईनात. तेही बुचकळ्यात पडले. मग लक्षात आलं की त्या पाण्यात तूच होतास. तूच, हायोऱ्हायनिस, दुसरा कोणी नाही. इथं कुणीही बाटली मोरीत ओतून कपाळावर हात मारला असता. त्यांनी उलट विचारलं: बाटलीतला जीवाणू औषध खातो, मग माणसाच्या गाठीत असे जीवाणू असतील का? स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या 113 गाठी तपासल्या. 86 गाठींत जीवाणू निघाले. तिथं तू नव्हतास, दुसरे होते, पण त्यांच्याही खिशात तेच विकर. सप्टेंबर 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं. त्यांच्या बाटलीत शिरलास तर त्यांना शोध लागला, माझ्या बाटलीत शिरलास तर मला पित्त झालं.

आणि तो निबंध मी वाचला नव्हता असं नाही. दुसऱ्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मीच तो मांडला होता. दुसऱ्याच स्लाइडवर तुझं नाव होतं, तिरप्या अक्षरांत, ठळक. लोकांनी टाळ्या वाजवल्या, समोसे आले. मी हात पुसले आणि वर जाऊन तुला नवं माध्यम घातलं.

तू म्हणशील, मग माझ्यावरच राग का? रास्त आहे. कोर्टात तुझा वकील पहिल्यांदा लॅबची नोंदवही मागेल. तिच्यात एक रकाना आहे, ‘मायको. तपासणी’. दर महिन्याला तिथं बरोबरची खूण आहे. पहिल्या सहा खुणा माझ्या आधीच्या मुलाच्या शाईत, पुढच्या माझ्या. त्याची खूण पाहून मी केली, आणि त्यानं कोणाची पाहून केली ते विचारायला तो आता बोस्टनला आहे. चाचणी एका दिवसाची. पीसीआरचं यंत्र माझ्या टेबलापासून नऊ पावलांवर. ‘पुढच्या आठवड्यात करू’ हे मी किती वेळा म्हणालो याची नोंद वहीत नाही. तेवढीच एक गोष्ट नोंदायची राहिली.

लॅब धुरी देऊन बंद केली आहे म्हणून मी आठ दिवस इथं आहे. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, सांगायला तीन दिवस लागले. ते अंगणात बसून सोयाबीनचे शंभर दाणे मोजत होते. दर वर्षी मृगाच्या आधी ते दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. आठवड्यानं उकलून कोंब मोजतात. सत्तरच्या वर निघाले तर ते बियाणं पेरतात, नाहीतर नाही. त्यांची शाळा सातवीपर्यंत.

‘दोन वर्षांचं काम गेलं,’ मी म्हणालो. ‘पुन्हा पहिल्यापासून करावं लागतंय.’

‘दुबार पेरणी म्हन की.’

‘हो.’

त्यांनी बरेच दाणे मोजले. मग मान वर न करता विचारलं, ‘बियानं कुनाचं व्हतं?’

‘उसनं.’

‘आन् गोणपाटात घालून बघितलं नव्हतं कामून?’

मी काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. बासष्टपासून पुन्हा मोजायला लागले, कारण मध्येच बोलल्यानं आकडा चुकला होता. मी शेजारी बसून गोणपाट भिजवलं.

तुला पुढचा कार्यक्रम कळवून ठेवतो. पाहुण्याला निरोपाची वेळ आधी सांगितलेली बरी. द्रव नायट्रोजनमध्ये तुझ्यासकट गोठवलेल्या माझ्या 43 कुप्या आहेत. उणे 196 अंशांतही तू मजेत असतोस, हे मला आता माहीत आहे. तेव्हा उलट्या टोकाची सोय केली आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता, ऑटोक्लेव्हमध्ये, 121 अंश, 15 पौंड दाब, वीस मिनिटं. कोणी म्हणालं, औषध देऊन पेशी वाचवता येतील; तुझ्यावर चालणारी प्रतिजैविकं आहेत. असतील. तार सुटलेलं दही मायेनं कधी औषध घालून वाचवलं नाही, गुरांपुढं ठेवलं. नव्या पेशी भांडारातून मागवल्या आहेत, पावतीसह, पावती नोंदवहीला चिकटवून. आल्या की पंधरा दिवस वेगळ्या इनक्युबेटरमध्ये, आणि खूण फक्त जेलचा फोटो चिकटवल्यावर. परीक्षकाला उत्तर पाठवलं: निबंध मागे घेतो. त्याचं ‘आभारी आहे’ असं उत्तर आलं. गाइडचं अजून आलेलं नाही. सहातली साडेतीन वर्षं संपली.

जाता जाता एक गोष्ट, जी मी अण्णांना सांगितली नाही. पेशींच्या बाटल्यांत सापडणाऱ्या तुझ्या भावकीत मायकोप्लाझ्मा ओरेल म्हणून एकजण आहे. तो डुकराचा नाही आणि गाईचाही नाही. तो निरोगी माणसाच्या तोंडात राहतो, कोणाला त्रास देत नाही, आणि बाटली उघडी ठेवून शेजाऱ्याशी गप्पा मारल्या की उडी टाकतो. बहुतेक माझ्याही तोंडात असेल. म्हणून हे पत्र तोंडावर मास्क लावून लिहितोय. स्टेशनवरचे लोक बघून हसतायत, डाक्टर झाल्यापासून पोरगं लईच जपायला लागलंय म्हणतात.

कळावे, लोभ नसावा.

तुझ्या चुलतभावाचा घरमालक,
घाटनांदूर